खान्देशातील वृद्ध व दिव्यांग प्रौढांची दीर्घकालीन शुश्रूषा : शासकीय व्यवस्थेचे स्वरूप आणि बळकटीकरणाची दिशा

सारांश

वार्धक्य किंवा दिव्यांगत्व यांमुळे ज्या प्रौढ व्यक्तीला दैनंदिन व्यवहारांसाठी दुसऱ्याच्या आधाराची सातत्याने गरज भासते, तिच्या शुश्रूषेची जबाबदारी आजवर प्रामुख्याने कुटुंबाने वाहिली आहे. कुटुंबाची ही क्षमता आक्रसत असताना शासनाने अर्थसहाय्य, निवास, कायदेशीर दाद आणि वैद्यकीय उपचार अशा चार मार्गांनी हस्तक्षेप केला आहे. जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात या व्यवस्थेचे घटक, त्यांची कार्यपद्धती आणि त्यांच्यातील तुटलेला दुवा प्रस्तुत लेखात स्पष्ट केला आहे. घरी येऊन प्रत्यक्ष शुश्रूषा करणारी यंत्रणा हा तो दुवा असून, ती उभारण्यासाठी लागणारा बराचसा कायदेशीर आधार आज उपलब्ध आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : दीर्घकालीन शुश्रूषा, ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग, निराधार अनुदान, वृद्धाश्रम, ग्रामपंचायत, खान्देश.

1. प्रस्तावना

भारतीय संविधानाच्या कलम 41 मध्ये वार्धक्य, आजारपण व विकलांगता या प्रसंगी नागरिकास सार्वजनिक सहाय्य मिळावे, यासाठी राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत परिणामकारक तरतूद करावी, असे मार्गदर्शक तत्त्व नमूद आहे. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत विकलांग व काम करण्यास असमर्थ व्यक्तींना सहाय्य हा विषय नवव्या क्रमांकावर आहे. म्हणजेच हा विषय मुळात राज्य शासनाच्या कक्षेतील आहे. तरीही वृद्ध आणि दिव्यांग यांचा विचार शासकीय धोरणात दीर्घकाळ 'कल्याण' या सदराखाली, म्हणजे ऐच्छिक उपकाराच्या भूमिकेतून झाला. 1999 चे राष्ट्रीय वृद्ध धोरण, 2007 चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम आणि 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम यांनी ही भूमिका हक्काच्या दिशेने नेली. कागदावरील हा हक्क तापी-गिरणेच्या खोऱ्यातील किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातील परावलंबी माणसापर्यंत कोणत्या रूपाने पोहोचतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

2. दीर्घकालीन शुश्रूषा : संकल्पना

उपचार आणि शुश्रूषा या दोन गोष्टी बऱ्याचदा एकच समजल्या जातात. उपचाराला प्रारंभ व शेवट असतो. रुग्ण दवाखान्यात दाखल होतो आणि बरा होऊन घरी जातो. शुश्रूषेला असा शेवट नसतो. पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेली व्यक्ती, स्मृतिभ्रंश झालेला वृद्ध, मेंदूचा पक्षाघात किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेला चाळिशीतील मुलगा यांच्या बाबतीत डॉक्टरांचे काम महिन्यातून काही मिनिटांचे असते. अंघोळ घालणे, कपडे बदलणे, भरवणे, अंथरुणावरून उठवणे, शौचास नेणे, कूस बदलून देणे ही कामे मात्र दररोज आणि वर्षानुवर्षे करावी लागतात. ती झाली नाहीत तर पाठीला जखमा होतात, सांधे आखडतात, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि माणूस पुन्हा दवाखान्यात जातो. म्हणजे शुश्रूषेची उणीव अखेरीस उपचाराच्या खर्चात भर घालते.

वृद्ध आणि दिव्यांग प्रौढ यांचा विचार एकत्र करण्याचे कारणही येथेच आहे. शासकीय विभागणीत हे दोन स्वतंत्र लाभार्थी वर्ग आहेत. महाराष्ट्रात तर 2022 मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग निर्माण झाला. परंतु घरात लागणारी मदत दोघांच्याही बाबतीत जवळजवळ सारखीच असते. शिवाय अनेक घरांत हे दोन प्रश्न एकाच छपराखाली राहतात. सत्तरीची आई पंचेचाळीस वर्षांच्या दिव्यांग मुलाला सांभाळत असते आणि तिच्या पश्चात त्याचे काय, या प्रश्नाचे उत्तर तिच्याजवळ नसते.

3. जळगाव व धुळे जिल्ह्यांची पार्श्वभूमी

पूर्वीच्या एकसंध खान्देश जिल्ह्याचे 1906 मध्ये पूर्व व पश्चिम खान्देश असे विभाजन झाले. महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर हेच जिल्हे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले आणि 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 42,29,917 आणि धुळे जिल्ह्याची 20,50,862 होती. जळगावात 15 आणि धुळ्यात 4 तालुके आहेत. अनुसूचित जमातींचे प्रमाण जळगावात सुमारे 14 टक्के, तर धुळ्यात सुमारे 31 टक्के होते.

त्याच जनगणनेनुसार महाराष्ट्रात 60 वर्षे व त्यावरील व्यक्तींचे प्रमाण 9.9 टक्के होते आणि राज्यात 29,63,392 दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली होती. राज्याचे प्रमाण या दोन जिल्ह्यांना ढोबळमानाने लावल्यास येथील ज्येष्ठांची संख्या 2011 मध्येच सव्वासहा लाखांच्या आसपास येते. भारतातील वृद्धत्वाच्या दीर्घकालीन अभ्यासाच्या 2017-18 मधील पहिल्या फेरीत देशातील सुमारे एकचतुर्थांश ज्येष्ठांना चालणे, अंघोळ, जेवण, शौच यांपैकी किमान एका दैनंदिन कृतीत अडचण येत असल्याचे आढळले. हेच प्रमाण येथे धरल्यास दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे दीड लाख ज्येष्ठांना कमी-अधिक आधाराची गरज असावी. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. यांतील सर्वजण अंथरुणाला खिळलेले नाहीत. पुष्कळांना काठी, चष्मा किंवा उठताना दिलेला हात पुरतो. तरीही प्रश्नाचा आकार लक्षात येण्यास हा अंदाज पुरेसा आहे.

या आकड्यामागे खान्देशाचे अर्थकारण आहे. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात बारमाही मजुरी मिळते. परंतु कोरडवाहू कापसाच्या गावांतून तरुण पिढी सुरत, नाशिक, पुणे येथील कारखान्यांकडे वळते. सुरत-भुसावळ लोहमार्गाने खान्देश आणि सुरत यांना पिढ्यान्‌पिढ्या जोडले आहे. चाळीसगाव, साक्री या भागांतून ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे हंगामी स्थलांतर करतात. अशा वेळी गावात मागे राहतात ती म्हातारी माणसे, कधी त्यांच्या स्वाधीन केलेली नातवंडे आणि फिरू न शकणारे दिव्यांग. एकत्र कुटुंबात सुनेच्या किंवा मुलीच्या बिनमोल श्रमावर चालणारी शुश्रूषा तीच सून शेतमजुरीस किंवा परगावी गेली की खंडित होते. याला मुलांची कृतघ्नता म्हणणे सोपे असले, तरी बहुसंख्य घरांत हा पोटापाण्याचा प्रश्न असतो.

4. शासकीय व्यवस्थेचे घटक

4.1 अर्थसहाय्य

या व्यवस्थेचा सर्वांत विस्तृत घटक म्हणजे मासिक अर्थसहाय्य. 1980 मध्ये सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना 65 वर्षांखालील निराधार, दिव्यांग, विधवा, दुर्धर आजारग्रस्त अशा घटकांसाठी, तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना 65 वर्षे व त्यावरील निराधार वृद्धांसाठी आहे. केंद्राचा राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम 15 ऑगस्ट 1995 पासून सुरू असून त्यातील इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत केंद्राचा वाटा 79 वर्षांपर्यंत दरमहा 200 रुपये व 80 वर्षांनंतर 500 रुपये एवढाच आहे. उर्वरित भार राज्य उचलते. राज्याच्या योजनांतील दरमहा 600 रुपयांची रक्कम 2019 मध्ये 1,000 आणि 2023 मध्ये 1,500 रुपये झाली. 2025 मध्ये घेण्यात आलेल्या निर्णयाने दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती 2,500 रुपये करण्यात आली.

दरमहा 1,500 रुपये म्हणजे दिवसाला 50 रुपये. या रकमेत धान्य, तेल-मीठ आणि थोडे औषध भागते. त्यातून कोणाचे श्रम विकत घेता येत नाहीत. ही रक्कम व्यक्तीच्या निर्वाहासाठी आहे, शुश्रूषा करणाऱ्याच्या कामाचे मूल्य तिच्यात धरलेले नाही. 2016 च्या अधिनियमातील कलम 24 नुसार दिव्यांगांसाठीचे सहाय्य इतरांच्या तशाच योजनांपेक्षा किमान 25 टक्के अधिक असावयास हवे. संजय गांधी योजनेत ही तफावत प्रत्यक्षात येण्यास 2025 उजाडले, ही बाब कायदा आणि अंमलबजावणी यांच्यातील अंतर दाखविते.

या सहाय्याचा मार्गही समजून घेणे आवश्यक आहे. अर्ज तहसील कार्यालयात जातो. त्यासोबत वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला आणि दिव्यांगत्व असल्यास वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र लागते. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. रक्कम थेट बँक खात्यात जमा होऊ लागल्याने मधली गळती कमी झाली; मात्र आयुष्यभर शेतात राबलेल्या हातांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि आधार पडताळणीचे यंत्र ते ओळखत नाही, ही नवी अडचण निर्माण झाली. जी व्यक्ती खाटेवरून उठू शकत नाही तिनेच आपण जिवंत असल्याचे सिद्ध करण्यासाठी बँकेच्या किंवा तहसीलच्या दारात जावे, ही अपेक्षा या व्यवस्थेतील मूलभूत विसंगती होय.

4.2 निवास

महाराष्ट्रात स्वयंसेवी संस्थांमार्फत वृद्धाश्रम चालविण्याची अनुदान योजना 1963 पासून आहे. 1995 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात एक 'मातोश्री वृद्धाश्रम' उभारण्याची योजना शासनाने हाती घेतली. जळगावजवळील सावखेडा येथील मातोश्री आनंदाश्रम केशवस्मृती प्रतिष्ठान ही संस्था चालविते. शासनाची योजना आणि संस्थेचे व्यवस्थापन असे या पद्धतीचे स्वरूप आहे.

2007 च्या अधिनियमाने यापुढचे पाऊल टाकले. कलम 19 नुसार राज्य शासन टप्प्याटप्प्याने, प्रारंभी प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, असे वृद्धाश्रम स्थापन करू शकेल आणि त्यात किमान 150 निर्धन ज्येष्ठांची सोय असेल. येथे 'करील' ऐवजी 'करू शकेल' हा शब्दप्रयोग आहे, त्यामुळे तरतूद बंधनकारक राहिलेली नाही. डॉ. अश्वनी कुमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 13 डिसेंबर 2018 रोजी प्रत्येक जिल्ह्यातील वृद्धाश्रमांची माहिती संकलित करण्याचे आणि अधिनियमाच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्याचे निर्देश दिले.

येथे साधे गणित मांडता येते. दोन्ही जिल्ह्यांत कलम 19 ची तंतोतंत पूर्तता झाली असे मानले, तरी किमान क्षमतेनुसार 300 व्यक्तींची सोय होते. आधाराची गरज असलेल्या ज्येष्ठांचा अंदाज दीड लाखाचा आहे. म्हणजे वृद्धाश्रम हे निराश्रितांसाठी आवश्यक असले, तरी ते मूळ प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाहीत. त्यातही वृद्धाश्रमात प्रवेश घेणारी व्यक्ती चालती-फिरती असावी, अशी अपेक्षा सामान्यतः बाळगली जाते. म्हणजे ज्याला शुश्रूषेची सर्वाधिक गरज, त्याच्यासाठीच दार अरुंद होते. याखेरीज अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या, आयुष्य एका ओट्यावर व एका शिवारात काढलेल्या माणसाला गाव सोडून दूरच्या इमारतीत राहणे हे दुसरे विस्थापनच वाटते.

4.3 कायदेशीर दाद

2007 चा अधिनियम महाराष्ट्रात 1 मार्च 2009 पासून लागू असून राज्याचे नियम 2010 मध्ये झाले. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील निर्वाह न्यायाधिकरणाकडे ज्येष्ठ व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते. ती असमर्थ असल्यास तिने अधिकृत केलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. 90 दिवसांत, अपवादात्मक स्थितीत आणखी 30 दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. निर्वाहाची कमाल मर्यादा दरमहा 10,000 रुपये आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण कलम 23 अन्वये रद्द ठरविता येते.

ही तरतूद मोलाची आहे. कारण शेत मुलांच्या नावे करून दिल्यानंतर उपेक्षा वाट्यास आल्याची प्रकरणे नवी नाहीत. परंतु न्यायाधिकरण पैसे देण्याचा आदेश देऊ शकते. सकाळ-संध्याकाळ पाठ पुसणारा हात त्या आदेशातून निर्माण होत नाही. ज्यांची मुले स्वतःच सुरतेत भाड्याच्या खोलीत राहतात, त्यांच्या बाबतीत तर आदेशाची वसुलीही अवघड ठरते. दिव्यांगांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुदिव्यांगत्व असलेल्या प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अधिकार तिला आहे. वृद्ध आईच्या मनातील 'माझ्यानंतर काय' या प्रश्नाचे अंशतः उत्तर या समितीजवळ आहे. अनेक कुटुंबांना मात्र तिचे अस्तित्वच ठाऊक नसते.

4.4 आरोग्यसेवा

जळगावात 2018 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याआधीपासून कार्यरत आहे. केंद्राचा राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रम 2010-11 मध्ये सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात 10 खाटांचा वृद्धरुग्ण कक्ष व भौतिकोपचार, खालच्या केंद्रांत ठरावीक दिवशी तपासणी आणि घरभेटी अशी त्याची रचना आहे. 2018 पासून प्राथमिक आरोग्याच्या विस्तारित सेवांमध्ये वृद्धांची काळजी व वेदनाशामक शुश्रूषा यांचाही समावेश झाला. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे व त्यावरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले.

हे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चापुरते आहे. मांडीचे हाड मोडल्यावरची शस्त्रक्रिया त्यात बसते. शस्त्रक्रियेनंतर सहा महिने आधार देऊन चालविणारा माणूस त्यात बसत नाही. साहित्याच्या योजनांचेही असेच आहे. 2017 ची राष्ट्रीय वयोश्री योजना व राज्याची 2024 ची मुख्यमंत्री वयोश्री योजना यांतून काठी, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची किंवा त्यासाठी 3,000 रुपयांचे एकरकमी सहाय्य मिळते. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी. प्रवास मोफत आहे. ज्याला एस.टी.च्या पायरीपर्यंत जाता येत नाही त्याला या सवलतीचा उपयोग नाही.

5. तुटलेला दुवा

वरील घटक एकत्र ठेवल्यास चित्र स्पष्ट होते. शासन पैसा देते, निवारा देते, आदेश देते आणि औषध देते. यांपैकी प्रत्येकाचा विभाग वेगळा आहे. अर्थसहाय्य व न्यायाधिकरण महसूल अधिकाऱ्यांकडे, वृद्धाश्रम समाजकल्याणाकडे, प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयाकडे, घरभेटी आरोग्य विभागाकडे आणि दिव्यांगांचा निधी ग्रामपंचायतीकडे. परावलंबी व्यक्तीची गरज मात्र एकच आणि अखंड असते.

उदाहरणादाखल, शिरपूर तालुक्यातील एखाद्या पाड्यावरची पक्षाघात झालेली वृद्धा डोळ्यांसमोर आणावी. तिला धुळ्याच्या रुग्णालयात उपचार मिळतील. तिथून सुटताना पुढील शुश्रूषेची सूचना तिच्या पाड्याच्या आरोग्य उपकेंद्राला आपोआप मिळाली नाही, तर ती केवळ तिच्या घरच्यांच्या स्मरणात राहील. प्रमाणपत्रासाठी तिला पुन्हा धुळे गाठावे लागेल, अनुदानासाठी शिरपूर. मुलगा कामावर व सून शेतात असताना दिवसभरात तिला पाणी कोण देईल, हा प्रश्न यांपैकी कोणत्याही कार्यालयाच्या नोंदवहीत नाही. प्रत्येक कार्यालयाने आपले काम चोख केले, तरीही ती दिवसभर ओल्या अंथरुणात राहू शकते. दोष व्यक्तींचा कमी व रचनेचा अधिक आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

6. अन्यत्रचे अनुभव

हा दुवा जोडण्याचे प्रयत्न देशात झालेले आहेत. केरळात शेजारगटांच्या आधारे वेदनाशामक शुश्रूषेचे जाळे विकसित झाले. 2008 मध्ये त्या राज्याने यासंबंधीचे धोरण स्वीकारले आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या माध्यमातून प्रशिक्षित परिचारिका अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी नियमित जाऊ लागल्या. तेथील 'आश्वासकिरणम्' योजनेत अशा रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीस दरमहा 600 रुपये देण्याची तरतूद झाली. रक्कम लहान असली, तरी घरातील शुश्रूषा हे काम आहे, ही मान्यता तिच्यात आहे. तामिळनाडूने 5 ऑगस्ट 2021 रोजी सुरू केलेल्या 'मक्कळै तेडी मरुत्तुवम्' योजनेत औषधे, भौतिकोपचार व वेदनाशामक शुश्रूषा घरापर्यंत नेण्यात आली.

परदेशांत जर्मनीने 1995 मध्ये आणि जपानने 2000 मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेसाठी सक्तीचा विमा लागू केला. जपानमध्ये 40 वर्षांवरील नागरिक वर्गणी भरतात, साधारण निम्मा भार करांतून उचलला जातो आणि सेवा घेणारा सामान्यतः खर्चाच्या 10 टक्के रक्कम देतो. असंघटित मजुरीवर जगणाऱ्या खान्देशात ही विमापद्धती जशीच्या तशी आणता येणार नाही. तिच्यातील एक तत्त्व मात्र घेण्यासारखे आहे. जपानमध्ये प्रथम त्या व्यक्तीला किती व कोणत्या मदतीची गरज आहे हे मोजले जाते आणि त्यानुसार सेवा ठरते. आपल्याकडे उत्पन्न मोजले जाते, दिव्यांगत्वाची टक्केवारी मोजली जाते. लागणारी मदत मोजली जात नाही.

7. बळकटीकरणाची दिशा

पहिली गरज मोजणीची आहे. आशा कार्यकर्ती प्रत्येक घरी जातेच. अंथरुणाला खिळलेले, घराबाहेर पडू न शकणारे आणि एकाकी राहणारे अशा तीन याद्या गावनिहाय तयार झाल्या, तर प्रश्न अंदाजातून नोंदीत येईल. मात्र हे काम विनामोबदला आशांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल.

दुसरी गरज मानधनावरील शुश्रूषा सहायकाची आहे. समजा, 2,000 वस्तीच्या गावात 10 व्यक्ती पूर्णतः परावलंबी आहेत आणि प्रत्येकीकडे दिवसाआड एक तास जावयाचे आहे. तर रोज पाच तासांचे, म्हणजे एका व्यक्तीचे काम निर्माण होते. गावातीलच स्त्री किंवा पुरुषास कूस बदलणे, जखमेची निगा, उचलण्याची योग्य पद्धत यांचे प्रशिक्षण देण्याचे कार्य दोन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये करू शकतात. यातून घरातील सुनेला थोडी उसंत मिळेल आणि गावात रोजगारही निर्माण होईल.

तिसरा मुद्दा निधीचा. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करणे शासनाने आवश्यक केले आहे. ही रक्कम वस्तुवाटपात किंवा किरकोळ धनादेशांत विखुरण्याऐवजी अनेक गावांनी एकत्र येऊन शुश्रूषा सहायकाच्या मानधनासाठी वापरता येईल काय, याचा शासनाने विचार करावा. साक्री, शिरपूर, चोपडा येथील आदिवासी गावांचे स्वउत्पन्न तुटपुंजे असल्याने तेथे जिल्हा परिषद व आदिवासी विकासाच्या निधीची जोड अपरिहार्य आहे. अन्यथा श्रीमंत ग्रामपंचायतीत सेवा आणि गरीब पाड्यावर उपेक्षा, अशी नवी विषमता निर्माण होईल.

चौथा मुद्दा कायद्याचा. दिव्यांग अधिनियमाच्या कलम 5 मध्ये समाजात राहण्याचा हक्क आणि घरपोच सहाय्यसेवा यांचा उल्लेख आहे. कलम 24 मध्ये अधिक आधाराची गरज असणाऱ्यांसाठी शुश्रूषा भत्त्याची आणि कलम 38 मध्ये अशा व्यक्तींच्या गरजांच्या मूल्यांकनाची तरतूद आहे. ज्येष्ठांच्या बाबतीत असा आधार क्षीण आहे. 2007 च्या अधिनियमात दुरुस्ती करण्यासाठी 2019 मध्ये लोकसभेत मांडलेल्या विधेयकात घरपोच शुश्रूषेचा समावेश होता. परंतु सतराव्या लोकसभेच्या विसर्जनाबरोबर 2024 मध्ये ते व्यपगत झाले. हा विषय राज्यसूचीत असल्याने महाराष्ट्राला केंद्राच्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

पाचवी गोष्ट तुलनेने सोपी आहे. हयातीचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्राची तपासणी आणि बँक व्यवहार या तीन गोष्टी अंथरुणावरील व्यक्तीच्या घरी होण्याची पद्धत सर्व तालुक्यांत नियमित झाली पाहिजे. त्यासाठी नवा कायदा नको; तलाठी, आरोग्य अधिकारी व बँक प्रतिनिधी यांचा महिन्यातील एक दिवस पुरेसा आहे. ज्येष्ठांसाठीचा 14567 हा मदत क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक लिहिणे हेही याच प्रकारचे काम होय.

यात संस्थांचे स्थान गौण ठरत नाही. वृद्धाश्रमांनी निवाऱ्याबरोबरच परिसरातील गावांसाठी दिवसा सांभाळ करणारी केंद्रे चालविली, कुटुंबाला काही दिवसांची विश्रांती देण्यासाठी अल्पकाळ प्रवेश दिला आणि शासनाने त्यासाठी वेळेवर अनुदान दिले, तर आहे त्याच इमारतींचा लाभ कितीतरी अधिक व्यक्तींना होईल.

8. निष्कर्ष

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शासकीय व्यवस्था रिकामी नाही. गेल्या सुमारे सहा दशकांत तिच्यात अनुदान, आश्रम, न्यायाधिकरण, रुग्णालय असे स्तर एकावर एक उभे राहिले. परंतु हे सर्व स्तर व्यक्तीने त्यांच्यापर्यंत यावे, या गृहीतावर आधारलेले आहेत. आणि दीर्घकालीन शुश्रूषेची गरज असलेल्या व्यक्तीला नेमके तेवढेच शक्य नसते. म्हणून या व्यवस्थेला पाठबळ देणे याचा अर्थ केवळ अनुदानाची रक्कम वाढविणे किंवा आणखी एक इमारत बांधणे असा होत नाही. कार्यालयापासून घरापर्यंतचे शेवटचे अंतर शासनाने स्वतः चालून जाणे, असा तो होतो. अंदाजे दीड लाख माणसांच्या बाबतीत हे अंतर आज प्रामुख्याने घरातील स्त्रिया, बिनमोल आणि बिनबोभाट, चालत आहेत. त्यांच्या श्रमाची दखल घेऊन त्यांना सोबत देणारी यंत्रणा उभी राहिली, तरच संविधानाच्या कलम 41 मधील सार्वजनिक सहाय्य खान्देशातील खाटेपर्यंत पोहोचले, असे म्हणता येईल.